मधलं तुमचं, कडेचं माझं

माणूस गाडी कशी चालवतो ते त्याला विचारू नये, त्याचा मागचा टायर बघावा. ताई असं म्हणायची आणि दुकानात आलेल्या कुणाचाही टायर फिरवून सांगायची, हा घाबरट आहे, हा ब्रेकवर पाय ठेवून झोपतो, ह्याच्या मागं रोज कुणीतरी वजनदार बसतं. लोक हसायचे पण खरं निघायचं. एकजण तर लाजून निघूनच गेला होता.

तिच्या घरात असे दोन टायर होते. एक तिच्या नवऱ्याचा. त्याला सगळी गल्ली भाऊजीच म्हणायची, कारण ताईचा धाकटा भाऊ त्याला भाऊजी म्हणायचा. भाऊजींचा टायर मधोमध सपाट, जसा काही कुणी रंधा मारलाय, आणि दोन्ही कडा कोऱ्या. इतक्या कोऱ्या की कारखान्यातून येताना रबराचे जे बारीक केस असतात ते पण तसेच. आणि दुसरा टायर त्या धाकट्या भावाचा, झुक्याचा. मध्ये बरा, कडा मात्र खाल्लेल्या, पार शेवटच्या रेघेपर्यंत.

हे दोन टायर एकदा शेजारी शेजारी पडले होते आणि तिथूनच ते सगळं सुरू झालं. पण आधी झुक्याचं सांगायला पाहिजे.

तो चालताना पण झुकायचा. लहान असताना पाण्याची कळशी घेऊन खोलीच्या कोपऱ्यावरून वळला की अंग आत टाकायचा आणि पाणी सांडायचा. ताई म्हणायची, "अरे माणसासारखा वळ ना, खोली आहे ही, सर्कस नाही." बापाने नाव ठेवलं झुक्या आणि तेच राहिलं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि ताई चौदाची, मग त्याची आंघोळ, त्याची शाळा, त्याचा मार, सगळं ताईकडे. शाळा सातवीत सुटली. हात मात्र देवाने दिले होते. अठराव्या वर्षी त्याने तीन भंगार गाड्यांची मिळून एक गाडी केली. टाकी एकीची, इंजिन दुसरीचं, बाकी तिसरीचं. भाऊजी म्हणाले, "हिला रंग कुठला द्यायचा ते तिघींना विचारून घ्या मेहुणे."

दुकान बापाचंच, टायर आणि दुरुस्तीचं, मागं राहायच्या दोन खोल्या. बाप गेल्यावर ताई आणि झुक्या चालवायचे. ताईकडे पंक्चर आणि टायर, झुक्याकडे इंजिन. ताईच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम वाढवलेलं असायचं, ते हौसेनं नव्हे. बापाने शिकवलं होतं, रबरात नख दाबायचं. खूण उमटली आणि हळूहळू भरून आली की रबर जिवंत. नख सटकलं की मेलं. रबर मेलेलं डोळ्याला दिसत नाही, वरून काळंभोर चकचकीत दिसतं, नखालाच कळतं.

जागा अशी की दुकानासमोरून बायपास जातो, चाळीस किलोमीटर, एक वळण नाही. आणि दुकानाच्या बाजूनं डोंगराचा रस्ता चढतो, वरच्या टॉवरपर्यंत. सतरा वळणं. म्हणजे भाऊजींचा रस्ता पुढच्या दाराला आणि झुक्याचा रस्ता मागच्या खिडकीला.

भाऊजी लॅबच्या कामावर. दवाखान्यांतून रक्ताच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून मोठ्या शहरातल्या लॅबला न्यायच्या, दिवसातून दोनदा, बायपासनं. पोट भरायचं काम आणि शौक एकच. झुक्या मात्र रोज सकाळी सहाला, दुकान उघडायच्या आधी, फक्त वर जाऊन खाली यायचा. कामाशिवाय. ताई मागच्या खोलीत चहा ठेवायची आणि कानाने मोजायची. वळण आलं की इंजिनाचा आवाज खाली पडतो, वळण सुटलं की पुन्हा चढतो. एक. दोन. तीन. सतरा झाली की वर आवाज बंद, तिथं तो दोन मिनिटं उभा राहायचा. मग उतरताना पुन्हा सतरा. ती मोजून झाल्याशिवाय ताई गॅस बंद करायची नाही. चहा कितीदा आटून काळा व्हायचा. झुक्या म्हणायचा, "ताई, हा चहा आहे का इंजिन ऑईल?" ती सांगायची नाही का आटला ते.

दोघांचं भांडण रोजचं.

"काय ते वेटोळं घालत बसता मेहुणे," भाऊजी म्हणायचे. "गाडी म्हणजे सुटली पाहिजे. एकशे दहाच्या पुढं गेलं ना, हेल्मेटच्या आत फक्त आपण उरतो. डोक्यातली सगळी कटकट मागं पडते. बायकोसुद्धा."

"ऐकतेय मी," ताई आतून.

"कामं म्हणालो गं, कामं."

झुक्या पाना पुसत बोलायचा. "भाऊजी, सरळ रस्त्यावर तुम्ही करता काय ते सांगा. मूठ पिळता. झालं. ताई कपडे पिळताना ह्यापेक्षा जास्त डोकं लावते."

"आणि तुम्ही काय करता ओ?"

मग तो पाना खाली ठेवायचा. ह्या एका गोष्टीवर तो चेष्टा करायचा नाही. "वळणाच्या आधी ठरवायला लागतं. किती वेगात शिरायचं, कुठं बघायचं. एकदा आत शिरलात की बदलता येत नाही. मग गाडी आडवी होते, जमीन जवळ येते, पोटातून काहीतरी सरकतं. आणि बरोबर मध्यावर सगळं हलकं होतं. तुम्ही पडत असता आणि पडत नसता. ते तुमच्या एकशे दहात नाही."

"आणि पडलात तर?"

"तर ठरवताना चुकलं."

एवढं बोलून तो पुन्हा पाना उचलायचा. गिऱ्हाईकं पण बाजू घ्यायची, बेकरीवाला भाऊजींचा, सुतार झुक्याचा. एकदा पैज लागली, एकमेकांच्या मागं बसायचं. झुक्या बायपासवर भाऊजींच्या मागं बसला आणि खरंच झोपला, खांद्यावर लाळ. भाऊजी डोंगरावर त्याच्या मागं बसले आणि सतराही वळणं डोळे मिटून गेले, वर टॉवरपाशी उतरून आधी उलटी केली, मग म्हणाले, "निसर्ग छान आहे." महिनाभर पुरलं ते हसायला.

ताई पण एकदा बसली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. भाऊजी कामावर गेले होते, झुक्या म्हणाला चल, आणि ती गेली. पहिल्या वळणाला तिनं त्याचा शर्ट असा धरला की बटण तुटलं. गाडी आत पडली की ही अंग बाहेर ओढायची. तो ओरडला, "ताई, खाली नको बघू! माझ्या खांद्यावरून बघ, वळण जिथं संपतंय तिथं बघ!" आठव्या नवव्या वळणाला तिनं अंग सोडलं. आणि तिला ते कळलं. पोटातून काहीतरी सरकलं, सगळं हलकं झालं, आणि ती मोठ्यानं हसली, चाळिशी जवळ आलेली बाई, डोंगरात भावाच्या मागं बसून हसत. खाली येऊन तिनं पदर नीट केला आणि पंक्चर काढायला बसली. पण त्यानंतर तिला झुक्याला कधी "जाऊ नको" म्हणता आलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार?

आता टायरचं.

भाऊजींचा टायर बदलायला काढला होता आणि झुक्याचा पण. दोन्ही जमिनीवर शेजारी. ताई बघत राहिली आणि म्हणाली, "बघा, एकानं मधलं खाल्लं, एकानं कडा. ह्यांच्या टायरच्या कडा तर नव्या आहेत. हा फेकायचा कशाला? झुक्या, तू चालवतोस कडेवरच, तुला हाच लाव की."

दुकान हसलं. झुक्यानं लगेच वाक्य केलं, "मधलं तुमचं, कडेचं माझं!" भाऊजी म्हणाले, "उष्टं खाताय मेहुणे, सांभाळून." मापही एकच होतं. ती ताईचीच कल्पना. दुसऱ्या कुठल्या घराला हे सुचलं नसतं, कारण दुसऱ्या कुठल्या घरात अशी जोडी नव्हती.

पहिला टायर चालला. दुसरा पण चालला. बेकरीवाला आलेल्या माणसांना बोलावून दाखवायचा, ह्या घरात टायर वाटून खातात.

तिसरा जो होता तो वेगळा होता. भाऊजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, चार महिने गाडी बंद. गाडी मागं पत्र्याला टेकून उभी, अख्खा उन्हाळा, दुपारचं ऊन सरळ चाकावर. ताई रोज तिथंच कपडे वाळत घालायची. भाऊजी पुन्हा कामावर लागले, दोन महिने पळवली आणि म्हणाले, "मागचा अगदी सपाट झालाय, बदला." टायर उतरवला. ताईनं सवयीनं नख दाबलं. मध्ये दाबलं, कारण पंक्चर नेहमी मध्येच होतं आणि तिचं नख वर्षानुवर्षं मध्येच पडत आलं होतं. खूण उमटली, भरून आली. "चांगला आहे," ती म्हणाली. झुक्यानं चढवला.

कडेला तिनं दाबलं नाही. तो चालवणार होता कडेवर.

पहिल्याच आठवड्यात तो खाली आला आणि हेल्मेट न काढता बसून राहिला. ताईनं विचारलं, काय रे?

"गाडी दचकते गं."

"म्हणजे?"

"म्हणजे अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त निघते ना, तसं. झुकवली की थोडा वेळ झुकतच नाही, आणि मग एकदम उतरते." आणि हसला. "अकराव्याला तर काळजाचा ठोकाच चुकला."

असं का होतंय ते ताईला कळलं. मध्ये इतकं सपाट की सपाटी संपते तिथं धार आलेली, गाडी त्या धारेवरून पलीकडं पडायची. ती म्हणाली, "काढ तो."

"अगं मजा येते. नवीन काहीतरी. पंधरा वर्षं तीच वळणं, आता गाडी मला विचारते तरी, खरंच यायचंय का."

ही बोलायची पद्धत तिला आवडली नाही. त्या दिवसापासून ती सकाळी मोजताना बोटं दुमडायला लागली. अकरावं वळण म्हणजे पांढऱ्या कठड्याचं, बाहेरच्या अंगाला खाली काहीच नाही. अकराव्याला आवाज खाली पडायचा आणि तिला वाटायचं आज जरा जास्त वेळ पडून राहिला. मग चढायचा. मग ती श्वास घ्यायची.

गाडी धुताना तिनं आणखी एक बघितलं. फूटरेस्ट एका बाजूनं घासून पांढरा झालेला. पूर्वी नव्हता. म्हणजे तो वळणात गाडी आधीपेक्षा जास्त झोपवत होता. म्हणजे त्या पायरीची त्याला चटक लागली होती.

तिनं कुणाला न विचारता नवा टायर मागवला. तो गुरुवारी आला. तिनं तो दुकानात खुंटीला टांगला, त्याच्या डोळ्यासमोर. झुक्या म्हणाला, "लावतो." पण मेकॅनिकची स्वतःची गाडी रांगेत शेवटी. गुरुवारी सुताराचा टेम्पो, शुक्रवारी दोन क्लच. बेकरीवाला डोकं खाऊन गेला, "माझी आधी रे, पाव वाटायचेत." शनिवारी दुपारी झुक्या पाठ टेकायला आत गेला, त्याची गाडी सावलीत उभी होती, थंड. ताई उकिडवी बसली आणि अंगठा कडेला लावला.

नख सटकलं.

तिनं पुन्हा दाबलं, जोरात. पुन्हा सटकलं. चाक फिरवून दुसरीकडं दाबलं. काचेवर दाबावं तसं. मधलं करपलेलं रबर भाऊजींच्या दोन महिन्यांत झिजून गेलं होतं, पण उन्हाळा सगळा त्या कडेत जाऊन बसला होता. तिचं नख मुळापासून दुखलं आणि तरी रबरावर रेघ उमटली नाही.

तिनं त्याला उठवलं. "कडा मेल्यात."

तो डोळे चोळत होता. "कुठल्या कडा?"

"तुझ्या टायरच्या. मी मध्ये बघितलं होतं. माझं चुकलं. आत्ता बदल."

तो उठून आला, स्वतःचं नख लावून बघितलं, आणि अंगठा क्षणभर तिथंच ठेवला. तेवढा एक क्षण ताईनं बघितला. मग म्हणाला, "थंड आहे म्हणून. गरम झालं की धरतं. पण बदलतो. संध्याकाळी."

"आत्ता."

"बरं आई," तो म्हणाला. चेष्टेनंच म्हणाला. पण ती तोंड फिरवून उभी राहिली.

खरंच त्यानं टायर उतरवायचे लिव्हर काढले होते. तेवढ्यात भाऊजी आले, गाडी ढकलत, घामाघूम, चेन तुटलेली. "मेहुणे, माझं आधी करा हो, उद्या रविवारची पण फेरी आहे, दवाखान्यानं बोलावलंय." झुक्यानं लिव्हर ठेवले. चेन जोडून गिअरची चकती बदलेपर्यंत उशीर झाला, पाठ दुखते म्हणाला, आणि "सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम तेच."

ताईनं त्याच्या गाडीची चावी घेतली आणि ट्यूबला लावायच्या पांढऱ्या पावडरच्या डब्यात घातली. त्याच्या देखत. "टायर बदललास की देते."

भाऊजी हसले, "ताईसाहेबांनी जप्ती आणली." झुक्या पण हसला. सगळे जेवले आणि झोपले. ताईला बरं वाटलं होतं, हे पण सांगायला पाहिजे. तिला त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोप लागली.

थंडीचे दिवस सुरू झाले होते. सकाळी तिला इंजिनाच्या आवाजानं जाग आली.

ती तशीच दुकानात गेली. नवा टायर खुंटीला. लिव्हर काल ठेवले तिथंच. तिनं डबा उघडला, पावडरमध्ये बोटं घातली. चावी होती. तीन भंगारांची गाडी ज्यानं स्वतः जोडली त्याच्यापासून ती चावी लपवत होती. त्याला दोन तारा पुरत होत्या.

आवाज डोंगराकडं वळला होता.

एक, ताई म्हणाली. दोन. ती मागच्या खिडकीपाशी आली, हात पांढरे. भाऊजी डोळे चोळत उठले, "काय झालं गं?" तिनं हातानंच गप्प केलं. पाच. सहा. आवाज पडत होता आणि चढत होता, रोजच्यासारखा, खरं तर रोजच्यापेक्षा सावकाश. सावकाश जातोय, तिला वाटलं, त्याला माहीत आहे, एकदा शेवटचं बघून येतोय आणि मग बदलणार. आठ. नऊ. त्या थंडीत टायर कुठला गरम होतोय. दहा.

अकराव्याला आवाज खाली पडला.

ती बोट दुमडायची थांबली. भाऊजी म्हणाले, "थांबला असेल. खाली बघत असेल." ती खिडकीला आणखी टेकली. "अगं थांबला असेल." डोंगरात कुठंतरी एक कुत्रं भुंकायला लागलं. ताईचं अकरावं बोट नव्हतंच, ती मूठ वळून उभी होती.

भाऊजी गेले वर. ज्या माणसानं ती वळणं डोळे मिटून केली होती तो डोळे उघडे ठेवून गेला, एकटा. ताईनं मोजलं. दहापर्यंत मोजलं आणि अकराव्याला हा पण आवाज पडला आणि चढला नाही.

बाकी जे झालं ते सगळ्यांकडं होतं तसंच झालं, माणसं जमली, गाडी आली, कागद झाले. डॉक्टर म्हणाले लगेच गेला, त्रास झाला नाही. ते सगळ्यांना तसंच सांगतात का ते ताईनं विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी पोलिसांनी गाडी परत केली. टाकी चेपलेली, पुढचं चाक नाही, पण मागचा टायर जसाच्या तसा. हवासुद्धा होती. ताईनं चाक फिरवलं. मध्ये सपाट, मग ती धार, आणि धारेच्या पलीकडं बोटभर रुंद एक चकचकीत पट्टा, जिथं तो रस्त्यावरून सरकला होता. तेवढंच. बोटभर.

बेकरीवाला आला होता. त्यानं चांगल्या मनानं विचारलं, "ताई, हा टायर असाच पडून राहणार असेल तर आमच्या हातगाडीला..." ताईनं वर बघितलं आणि तो आल्या पावली निघून गेला.

तिनं टायर रिमवरून उतरवला, पाटावर आडवा घेतला आणि लोखंड कापायची करवत घेतली. रबर कापलं जातं, पण टायरच्या काठात तार असते, ती लवकर तुटत नाही. करवत अडकायची, ती ओढून काढायची, पुन्हा लावायची. दोन पाती तुटली. भाऊजी दारात उभे होते. ते आता कामावर बसनं जातात, गाडी विकली. ते आत आले, खाली बसले आणि टायरची दुसरी बाजू पायानं दाबून धरली.

"मी चेन आणायला नको होती," ते म्हणाले.

"धरा नीट," ताई म्हणाली. "हलतोय."

तार तुटली तेव्हा दुपार टळून गेली होती. दोन तुकडे झाले. ताईनं दोन्ही हातात घेतले, कुणाच्याच उपयोगाचे नाहीत ना ते बघितलं, आणि मग दोन्हींचेही आणखी दोन केले.